पोहणं, सायकल आणि धावणं: यातली माझी कच्ची बाजू कोणती, हे कसं ओळखावं?

तुमचे आकडे: 1500 मीटर पोहणं 38 मिनिटं, नाशिकच्या त्र्यंबक रोडवर जाऊन-येऊन 40 किमी सायकल 1 तास 28 मिनिटं, 10 किमी धावणं 50 मिनिटं, वजन 70 किलो. विश्वविक्रमाच्या वेगाशी टक्केवारी काढून तुम्ही पोहणं सगळ्यात कच्चं ठरवलंत. पोहण्यात बॉबी फिंकच्या 14:30.67 समोर तुम्ही 38 टक्के, सायकलीत फिलिप्पो गान्नाच्या तासाभरातल्या 56.792 किमीसमोर 48, धावण्यात जोशुआ चेप्तेगेईच्या 26:11 समोर 52.

हे तीन टक्के एका मापाचे नाहीतच. धावताना वेग 10 टक्के वाढवायला ताकदही साधारण तेवढीच जास्त लागते. पाण्यात आणि सपाट रस्त्यावर सायकलीवर मात्र अवरोधाशी झगडायची ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे त्याच 10 टक्क्यांसाठी 33 टक्के जास्त. जलतरणाची जागतिक गुणपद्धतही म्हणूनच वेळांच्या गुणोत्तराचा घन करून 1000 ने गुणते. त्यात तुमचे जेमतेम 55 गुण होतात! शिवाय गान्ना वेलोड्रोममध्ये (सायकल शर्यतींच्या खास ट्रॅकवर), अंग पूर्ण वाकवून, खास सायकलीवर होता.

त्यापेक्षा ताकद मोजा. सायकलीवर 20 मिनिटं जीव तोडून चालवा, सरासरी वॅटला 0.95 ने गुणा, वजनाने भागा. 50 मिनिटांत 10 किमी पळणाऱ्याकडून मी किलोमागे सुमारे 2.5 वॅटची अपेक्षा धरेन. सरळ बसून ताशी 27 किमीला अंदाजे 125 वॅट पुरतात, म्हणजे तुमचे 1.8. पॉवर मीटर (सायकलीवर वॅट मोजणारं यंत्र) नसेल तर रस्ता तोच ठेवा आणि वेळ जाण्यायेण्याची मिळूनच धरा: त्र्यंबककडे जाताना हलका चढ आहे, पावसाळ्यात वाराही समोरून येतो.

पोहण्यासाठी 50 मीटरच्या तलावात 400 मीटर पूर्ण जोराने, 10 मिनिटं सावकाश, मग 200 मीटर. दोन वेळांतला फरक निम्मा केला की दर 100 मीटरचा टिकाऊ पेस, म्हणजे 100 मीटरला लागणारी वेळ, मिळतो. 400 ला 9:20 आणि 200 ला 4:20 लागले तर 2:30. या पेसला कमी पडतं ते तंत्र, दम नाही. श्वास घेताना डोकं वर उचललं की कंबर आणि पाय बुडतात, पाणी अडवतं, आणि जास्त जोर लावला तर तो त्यातच जातो. दर लेंथला (तलावाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत) स्ट्रोक, म्हणजे हात किती वेळा मारता ते, मोजा. पेस तोच राहून ते कमी झाले तर सुधारणा खरी.

म्हणून माझ्या मते तुमची कच्ची बाजू सायकल. ताशी 30 किमी झालात तर 8 मिनिटं वाचतात. पोहण्यात 2:15 चा पेस आणलात तर चार. आठवड्यातले दोन दिवस सायकलीला द्या, तलावावर प्रशिक्षकाकडून फक्त डोक्याची ठेवण तपासून घ्या, आणि सहा आठवड्यांनी दोन्ही चाचण्या वेगवेगळ्या दिवशी पुन्हा करा.