टीव्हीवरची स्पर्धा जिंकल्यावर कंट्री (अमेरिकेतल्या ग्रामीण लोकसंगीतातून आलेला संगीतप्रकार) गायकाचं पुढे काय होतं? स्कॉटी मॅक्रीरी हा अमेरिकन गायक लेबल (रेकॉर्ड कंपनी) सुटूनही कसा टिकला?

टिकला तो स्वतः लिहिलेल्या एका गाण्यामुळे. पण त्याआधी अडचण कुठे येते ते पाहू.

मे 2011 मध्ये ‘अमेरिकन आयडॉल’ या टीव्हीवरच्या गायन स्पर्धेचा दहावा हंगाम जिंकला तेव्हा नॉर्थ कॅरोलिनातल्या गार्नरचा हा मुलगा 17 वर्षांचा होता. ऑक्टोबरमध्ये ‘क्लिअर ॲज डे’ हा पहिला अल्बम आला आणि थेट बिलबोर्ड 200 या अमेरिकेतल्या अल्बमांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. ही घाई मुद्दाम केलेली असते. जानेवारीत पुढचा हंगाम सुरू झाला की प्रेक्षकांना नवा लाडका मिळतो, म्हणून मतं देणारे हात गरम असतानाच अल्बम विकायचा. एवढ्या वेळात स्वतःची गाणी लिहून होत नाहीत. मग दुसऱ्यांची घ्यावी लागतात.

खरी कसोटी रेडिओची. कंट्रीत आजही रेडिओ चालला तरच मोठे दौरे मिळतात. स्टेशनांकडे नव्या गाण्यांसाठी मोजक्याच जागा असतात, त्यामुळे गाणं बहुधा रात्री उशिरा वाजायला लागतं, आणि अव्वल स्थानी पोचायला कधी कधी 40 ते 50 आठवडे घेतं. एवढा काळ लेबलची माणसं स्टेशनांमागे लागलेली असतात, त्यावर पैसा जातो. गाणं मध्येच अडकलं की लेबल हात काढून घेतं आणि गायकाचं अख्खं वर्ष वाया जातं. स्पर्धेत फोनवरून मतं देणारा प्रेक्षक इथे उपयोगी पडत नाही, कारण तो स्टेशनचा संगीत विभाग चालवत नाही.

स्कॉटीचं तेच झालं. ‘सी यू टुनाइट’ पहिल्या दहात गेलं, पण 2015 चं ‘सदर्न बेल’ चाललं नाही आणि 2016 मध्ये मर्क्युरी नॅशव्हिल या लेबलशी संबंध संपला. आजोबांच्या निधनानंतर फ्रँक रॉजर्स आणि मॉन्टी क्रिसवेल यांच्यासोबत लिहिलेलं ‘फाइव्ह मोअर मिनिट्स’ मात्र त्याच्या हातात होतं. मे 2017 मध्ये लेबलशिवायच त्यानं ते बाहेर काढलं आणि ते बिलबोर्डच्या कंट्री एअरप्ले (रेडिओवर वाजणाऱ्या गाण्यांच्या) यादीत चढलं. त्यानंतर ट्रिपल टायगर्स या लेबलनं त्याच्याशी करार केला आणि 2018 च्या सुरुवातीला हे गाणं पहिल्या क्रमांकावर पोचलं. पुढे ‘धिस इज इट’, ‘यू टाइम’ आणि ‘डॅम स्ट्रेट’ही अव्वल ठरली. एप्रिल 2024 मध्ये तो ग्रँड ओल ऑप्री या कंट्री संगीताच्या जुन्या, मानाच्या रेडिओ कार्यक्रमाचा सदस्य झाला.

सहलेखनाचा आर्थिक भाग लोक विसरतात, आणि माझ्या मते तोच सर्वात महत्त्वाचा आहे. अमेरिकेत एएम-एफएम रेडिओ गाणं वाजवल्याबद्दल गायकाला काहीच देत नाही. पैसे मिळतात ते लेखक-संगीतकाराला आणि प्रकाशकाला. कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलमध्ये तिघांनी मिळून लिहिलं तर सहसा तिघांना समान वाटा. म्हणजे दुसऱ्याचं गाणं वर्षभर रेडिओवर गाजलं तरी गायकाची कमाई दौऱ्यातून आणि विक्रीतूनच होते.

हीच वाट गायिका गॅबी बॅरेटनं धरली. 2018 च्या आयडॉलमध्ये ती तिसरी आली होती. ‘आय होप’ची ती सहलेखिका. 2019 मध्ये तिनं ते स्वतःच प्रसिद्ध केलं, मग वॉर्नर या लेबलनं तिला घेतलं, आणि 2020 मध्ये ते कंट्री रेडिओवर अव्वल झालं.