कानाला हात न लावलेली रेकॉर्ड

प्रश्न : मी इंदूरला, लोकमान्यनगरात तबला शिकवते. नातू हल्ली 'लेड झेपलिन' नावाच्या इंग्लिश बँडची पहिली रेकॉर्ड दणक्यात लावतो. परवा त्या गदारोळात मला चक्क तबला ऐकू आला. भास की काय? शिवाय तोच म्हणतो, यातली निम्मी गाणी ढापलेली आहेत. मग एवढं कौतुक कशाचं?

उत्तर : ताई, भास नाही. दुसऱ्या बाजूचा दुसरा तुकडा, 'ब्लॅक माउंटन साइड'. गायन नाही, बँडचा गिटारवादक जिमी पेज याची साधी, बिनविजेची गिटार, आणि तबला विराम जसानींचा. गिटारच्या तारा नेहमीपेक्षा वेगळ्या सुरांत जुळवल्यात, म्हणून मधूनच सतारीचा भास होतो. पण सव्वादोन मिनिटांत सगळं आटोपतं. तबलजी जरा रंगात येतोय तोवर पाहुणे उठले, तसं.

मी हे पहिल्यांदा ऐकलं ते जेल रोडवरून भरून आणलेल्या साठ मिनिटांच्या कॅसेटवर. भरणाऱ्यानं रेकॉर्डच्या बाजूबिजू न बघता सगळं सलग ओतलं होतं. तबला पुरता आला, पुढचं गाणं ओरडत सुरू झालं आणि मिनिटभरात खट्! कॅसेटची बाजू संपली, बटण वर. मी आपला समजत होतो, इथे कोणीतरी मुद्दाम थांबलंय.

आता ढापण्याचं. नातू अर्धा बरोबर आहे. 'यू शुक मी' आणि 'आय कान्ट क्विट यू बेबी' ही शिकागोच्या विली डिक्सनची गाणी (पहिल्यात जे. बी. लेन्वारही), आणि रेकॉर्डवर तसं छापलेलं आहे. ती चोरी नव्हे. ब्लूजमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यात, ठरलेल्या बारा 'बारां'च्या (एक बार म्हणजे साधारण चार मात्रांचा विभाग) आवर्तनात प्रत्येक जण आपला जीव ओततो. आपल्याकडे एकच बंदिश दहा जण गातात, तसंच. 'यू शुक मी'च्या शेवटी गळा आणि गिटार एकमेकांची नक्कल करतात, ते ऐकाच. सारंगिया गवयाच्या मागे धावतो ना, तेच.

पण 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' मुळात जेक होम्सचं, १९६७ सालचं. मूळ रेकॉर्डवर त्याचं नाव नव्हतं. 'बेब, आय्‌म गॉना लीव्ह यू' पारंपरिक म्हणून छापलं; ते अ‍ॅन ब्रेडन या बाईंचं, आणि त्यांना श्रेय मिळायला १९९० चं दशक उजाडलं. तुमचा तबलेवाला तुकडासुद्धा बर्ट जान्श या लोकसंगीतातल्या गिटारवादकानं बसवलेल्या एका जुन्या लोकगीतावरून घेतलेला, खाली नाव मात्र पेजचं. आपल्याकडे गुरूचं नाव घेताना कानाला हात जातो. यांचा गेला नाही, माझा राग तेवढाच.

कौतुक वाजवण्याचं. १९६८ च्या शरदात, लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत, पेजच्या हिशेबानं अवघ्या छत्तीस तासांत उरकलेलं काम आहे हे. बँडचा ड्रमवादक जॉन बॉनम, त्याचा ड्रम ऐका. पहिल्याच गाण्यात एका पायानं तो जे करतो, ते तुम्ही शिष्यांना डग्ग्यावर काढून दाखवा.

प्रश्न : याच रेकॉर्डवर गिटार व्हायोलिनच्या गजानं वाजवली आहे म्हणे. घरी करून बघू का?

उत्तर : बघा. गिटारची घोडी सपाट, त्यामुळे गज एका तारेवर राहत नाही, दोन-तीन तारा एकदम कण्हतात. राळ भरपूर लागते आणि तारांना चिकटून बसते. पुसायला जुनं धोतर जवळ ठेवा.