दीड वर्षाच्या मुलीला पाळणाघरात ठेवलं तर तिच्या वाढीवर परिणाम होतो का? सासूबाई म्हणतात आईपासून तुटेल.

होतो की, पण चांगला का वाईट ते पाळणाघर कसंय त्यावर. तुटेल वगैरे आम्हालाही ऐकवलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी अंबड एमआयडीसीत अकाउंट्सला, नवरा सिन्नरला, दोन्हीकडचे आजी-आजोबा लांब. मुलगा १४ महिन्यांचा असताना एक पाळणाघर बघितलं, एकदम चकाचक, एसी, भिंतीवर कार्टून, मोबाईलवर कॅमेरा, आणि आम्ही भाळलो. तीन महिन्यांत पोरगं गप्प व्हायला लागलं, आधी काऊ-चिऊ-भूभू सगळं चालायचं ते पण कमी. एकदा दुपारी न सांगता गेले तर टीव्ही चालू, समोर बारा-तेरा पोरं, आणि मावशी एकच, ती पण नवीन, तिला माझ्या मुलाचं नावसुद्धा माहीत नाही. तीन महिन्यांतली ती चौथी मावशी. कॅमेऱ्यात मात्र सगळं छान दिसायचं, मुलं शांत बसलेली दिसतात ना!

मग पाथर्डी फाट्याजवळ एका काकूंकडे ठेवलं. दोन खोल्या, दारात कढीपत्त्याचं झाड, सहा मुलं, काकू आणि त्यांची एक मदतनीस, कित्येक वर्षं दोघी त्याच. काकू अखंड बोलतात हो, लंगोट बदलताना, भात भरवताना, पोरगं नुसतं "भू" म्हणालं की "भू आला? कुठे गेला? गेटपाशी बसलाय बघ". मला आधी वाटायचं किती ही बडबड, पण आमच्या मुलांच्या डॉक्टरांनी समजावलं की खरं काम हेच आहे, मूल बोट दाखवतं, आवाज काढतं, समोरचं माणूस त्याला धरून काहीतरी बोलतं, मग मूल अजून काही काढतं, ह्या वयात मेंदूतल्या जोडण्या अशाच पक्क्या होत जातात. आणि टीव्ही काही उलट बोलत नाही. डब्ल्यूएचओनेही २०१९ मध्ये सांगितलंय की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, पुढे चारपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त तासभर.

सासूबाईंसाठी एक गोष्ट सांगते. अमेरिकेत १९९१ पासून १३०० च्या वर मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, त्यात आईबरोबरचं नातं नुसतं पाळणाघरामुळे बिघडलेलं दिसलं नाही, चांगल्या ठिकाणची मुलं भाषेत आणि समजेत थोडी पुढे होती, पण जास्त फरक घरच्यांमुळेच पडत होता. म्हणजे संध्याकाळी घरी येऊन आपण फोनमध्ये डोकं घातलं तर काकू तरी काय करणार.

माझी स्वतःची परीक्षा म्हणजे द्राक्षं. मोसमात आपल्या नाशकात घरोघरी पेट्या येतात, आणि अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या घशात बरोबर अडकून श्वास बंद होऊ शकतो. काकू एकेक द्राक्ष उभं चिरून चार तुकडे करतात, मी कधी सांगितलं नव्हतं. असलं काही दिसलं की समजा जागा बरी आहे. त्यामुळे फी विचारायच्या आधी तासभर तिथे बसा, शक्यतो जेवायच्या वेळी. मावशी किती वर्षं आहेत ते विचारा, मुलं रडली की कोण उचलतं ते बघा. केंद्राच्या गाईडलाईनमध्ये तीन वर्षांखालच्या १० मुलांमागे एक बाई चालते म्हणे, मला तेही जास्तच वाटतं, एका बाईने दहांना भरवायचं कसं? इंग्लिश राइम्स शिकवतात का हे विचारूही नका.

सुरुवातीला रडेल ती, पहिला आठवडा एकेक-दोनदोन तासच ठेवा. मी स्वतः लिंक रोडला गाडी बाजूला घेऊन रडलेय.

आणि हो, तुमच्या कंपनीत ५० च्या वर लोक असतील तर २०१७ पासून कायद्याने पाळणाघराची सोय द्यावी लागते, आईला दिवसातून चार वेळा जाऊन येता येतं. आमच्याकडे सत्तर आहेत. एचआरला विचारलं तर म्हणाले बघतो, दोन वर्षं झाली, बघताहेत.