आईला एमसीआय (वयाच्या मानाने जास्त विसराळूपणा, पण डिमेन्शिया नव्हे) आहे. सांगितलेलं टिकावं म्हणून घरी काय करता येईल?

तुमच्या आई 71 वर्षांच्या, घर म्हापशाला. जुनं सगळं आठवतं, सकाळी सांगितलेलं मात्र दुपारी आठवत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आधी "आठव बघू" म्हणणं बंद करा, कृपया. एमसीआयमध्ये पुष्कळदा गोष्ट मेंदूत नीट नोंदलीच गेलेली नसते. तरी आठवायला लावलं की माणूस अंदाज करतो आणि तो चुकीचा अंदाजच पक्का बसतो.

म्हणून कष्ट घ्यायचे ते सांगताना. टीव्ही बंद करून, समोर बसून, एका वेळी एकच गोष्ट सांगा.

यादी पाठ करून घेऊ नका. शुक्रवारच्या बाजारातून बांगडे, नारळ, तिरफळं, आमसुलं आणायची असतील, तर "बांगड्याचं हुमण करूया, काय काय लागेल?" असं विचारा. इथे विचारलेलं चालतं, कारण उत्तर त्यांच्या जुन्या, पक्क्या माहितीतून येतं. शिवाय स्वतः जुळवलेलं जास्त टिकतं. हुमणात न बसणारा साबण मात्र हमखास राहतो. तो चिठ्ठीवर लिहा.

अगदी नवी माहिती, समजा गोळ्यांची डबी आता देवघराच्या फळीवर असते, ही अशी बसवा: सांगा, लगेच "डबी कुठे असते?" विचारा. मग 30 सेकंदांनी, 1 मिनिटाने, पुढे 2, 4, 8, 16 मिनिटांनी. मधे इतर गप्पा चालू द्या. दरवेळी त्यांना उठून डबी हातात घेऊ द्या. हाताने केलेलं नुसत्या ऐकण्यापेक्षा चांगलं राहतं. अडखळल्या तर वाट न पाहता उत्तर सांगा, त्यांच्याकडून म्हणून घ्या आणि शेवटच्या जमलेल्या अंतरावर परत या. हे फसतं ते बहुधा घरच्यांमुळेच: एकजण वेगळ्या शब्दांत विचारतो, दुसरा डबी हलवतो.

पुढे करायच्या कामाला रोजची खूण जोडा. "संध्याकाळी फोन चार्ज कर" यापेक्षा "पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजला की फोन चार्जिंगला". गोळ्यांची भिस्त मात्र स्मरणावर नको, वारांचे कप्पे असलेली डबीच हवी.

घरातल्या जागांवर वस्तू कल्पून लक्षात ठेवण्याची पद्धत बरेचजण सुचवतील. ती थकवते, आईंना आवडली तरच करा. आणि डबीची जागा बसली म्हणून एकूण स्मरण सुधारेल असं नाही, तेव्हा रोज अडणारी एक-दोन कामंच निवडा.

बी-12, थायरॉइड, ऐकू येणं आणि मनाची उदासी तपासली नसेल तर या आठवड्यात तपासा, बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा तुमच्या डॉक्टरांकडे. झोपेच्या आणि ॲलर्जीच्या गोळ्या चालू असतील तर त्याही दाखवा. त्यांतल्या काही स्मरणावर सरळ परिणाम करतात.