वाचकांचे प्रश्न : गोल्फची यूएस ओपन

प्रश्न : ‘ओपन’ म्हणजे खरंच कोणीही खेळू शकतो का?

उत्तर : हो, पात्रता असली तर. व्यावसायिक खेळाडूंना आणि ०.४ किंवा त्याहून कमी हँडिकॅप इंडेक्स (खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा; जितका कमी तितका खेळ सरस) असलेल्या हौशी खेळाडूंना अर्ज करता येतो. आधी स्थानिक फेरी, १८ होल (चेंडू ज्यात घालायचा ते खड्डे). त्यातून निवडलेल्यांची अंतिम पात्रता फेरी म्हणजे एकाच दिवशी ३६ होल. तिथे भलेभले दमतात. मुख्य स्पर्धेत १५६ जण उतरतात. नामवंतांना थेट प्रवेश असतो, पण दोन्ही चाळण्यांतून आलेले केन व्हेंचुरी (१९६४) आणि ऑर्व्हिल मूडी (१९६९) चक्क विजेते ठरले. ही स्पर्धा आम्हाला प्रिय आहे ती याचसाठी. मुख्य स्पर्धेत ३६ होलनंतर पहिले ६० आणि त्यांच्याशी बरोबरी साधलेले पुढे जातात.

प्रश्न : इथे इतके मोठे खेळाडू का अडखळतात?

उत्तर : फेअरवे (मधला, गवत कापलेला पट्टा) अरुंद, रफ (त्याच्या कडेचं लांब गवत) दाट. रफमधून मारताना क्लबचा (गोल्फच्या काठीचा) चेहरा, म्हणजे चेंडूला लागणारा भाग, आणि चेंडू यांच्यामध्ये गवत येतं, चेंडूला उलटी फिरकी मिळत नाही आणि कडक ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) तो थांबतच नाही. लांब गवत क्लबच्या मानेला अडकलं की चेहरा बंद होतो (आत वळतो), चेंडू डावीकडे जातो (उजव्या हाताने खेळणाऱ्यांचा). अशा वेळी हिरवळीचा हट्ट सोडून वेजने (चेंडू उंच उडवणाऱ्या आखूड क्लबने) चेंडू सरळ फेअरवेवर आणावा. एक फटका जातो, तीन वाचतात.