लग्न १९८८ चं असलं तरी हिस्सा जात नाही, सही थांबवा

अक्का, तुमचं लग्न १९८८ ला झालं, वडील २००१ ला वारले आणि आता भाऊ म्हणतायत की जुन्या लग्नाच्या पोरींना कायद्यात काय नाही, हक्कसोड, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचा कागद, करून द्या. वर तुम्ही विचारलंय संविधानातली समानता आपल्या कर्नाटकातल्या खानापूरकडच्या शेताला लागते का. लागते, पण मधे कायदा लागतो. कलम १४ आणि १५ सरकारला बांधतात, भावाला नाही. पण १५(३) मधे बायकांसाठी खास तरतूद करायची मोकळीक आहे, आणि २००५ ला वारसा कायदा बदलताना सरकारनं स्वतःच लिहून दिलं की मुलीला वडिलोपार्जित मिळकतीतून बाहेर ठेवणं म्हणजे तिचा समानतेचा मूलभूत हक्क नाकारणं. बायकांना वारसा-लग्नात हक्क देणारं हिंदू कोड बिल रखडलं म्हणून बाबासाहेबांनी १९५१ ला मंत्रिपद सोडलं, त्यानंतर पन्नासच्या वर वर्षं गेली हे व्हायला, मला याचा अजून राग येतो.

भाऊ म्हणतायत ते अगदीच हवेतलं नाही. कर्नाटकाचा कायदा ३० जुलै १९९४ ला लागू झाला त्यात आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या, आणि गावात अजून तेवढंच डोक्यात बसलंय. पण ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राचा तो बदललेला वारसा कायदा आला, त्यात लग्न झालेली न झालेली असा फरकच नाही, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टानं विनीता शर्मा केसमधे सांगितलं की २००५ च्या त्या तारखेला वडील जिवंत असायची पण गरज नाही. अडतं ते इथं, २० डिसेंबर २००४ च्या आधी रजिस्टर वाटणीपत्र नाहीतर कोर्टाची डिक्री (निकालाचा हुकूम) झाली असेल तर ती वाटणी मोडत नाही, त्याआधी झालेली विक्री किंवा मृत्युपत्रानं दिलेलं पण मोडत नाही. घरातल्या घरात तोंडी वाटून घेतलं होतं एवढं म्हटलं तर कोर्ट सहजासहजी मानत नाही. लग्नात खर्च केला, सोनं घातलं, त्यानं हिस्सा फिटत नाही.

आता महत्त्वाचं. आपल्याकडं कागद कन्नडमधे असतो, अर्ध्या बायकांना वाचता येत नाही, भाऊ म्हणतो वारसा लावायला सही पाहिजे आणि ती निघते हक्कसोड. भरवशाच्या माणसाकडून पूर्ण वाचून घेतल्याशिवाय सही नको, अंगठा पण नको. एकदा रजिस्टर झालं की ते रद्द करायला कोर्टात फसवणूक सिद्ध करत बसावं लागतं. नाडकचेरीत (गावाजवळच्या महसूल कचेरीत) दिलेल्या वंशावळीत तुमचं नाव आहे का बघा, बहिणींची नावं तिथंच गाळतात. नुसतं उताऱ्यावर भावांची नावं लागली म्हणून मालकी जात नाही, तेवढ्यानं घाबरू नका.

माहेर तुटेल ही भीती मला कळते, पण हिस्सा मागितला म्हणून तुटणारं नातं सही देऊन किती दिवस टिकणार. वकिलाच्या पैशाची काळजी नको, बाईला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, तालुका कोर्टात कायदा सेवा समितीकडं अर्ज द्या.

आधी ताजा उतारा काढा, आणि जुनं वाटणीपत्र किंवा वडिलांचं मृत्युपत्र आहे का, असेल तर कुठल्या तारखेचं, ते इथं सांगा.