सराफ्यावरची कथा ‘नुसतं वर्णन’ का वाटते?

तुम्ही विचारलंय: इंदूरच्या सराफ्यावर, म्हणजे तिथल्या सराफा बाजारावर, दीड हजार शब्द लिहिले, सगळे म्हणतात वर्णन झकास, पण कथा कुठंय?

कथा नाही, कारण तिच्यात कुणाला काही हवंच नाहीये. गराडूचा (तळलेल्या कंदाचा) वास, गर्दी, दिवे हे झालं स्थळ. त्यात एक माणूस आणा, त्याला आजच्या आज काहीतरी हवं असू दे आणि वाटेत अडथळा ठेवा. सराफ्यात तो आयताच आहे: रात्री दागिन्यांची दुकानं बंद होतात आणि त्यांच्यासमोरच खाण्याची दुकानं लागतात. बायकोची गहाण पाटली सोडवायला निघालेला माणूस शटर पडल्यावर पोचला. खिशात पैसे तसेच, समोर कढई तापलेली. आता तो काय करतो, ते कथानक. नुसत्या ‘मग... मग...’ने घटना जोडल्या की ती जंत्री होते. ‘म्हणून’ने किंवा ‘पण’ने जोडता आल्या पाहिजेत.

नजर एकाचीच ठेवा. त्याच्या बाजूनं सांगता सांगता मध्येच हलवायाच्या मनात शिरलात की वाचक गोंधळतो. पात्रं दोन-तीन पुरेत.

पहिले तीनेकशे शब्द बहुधा कापावे लागतील (जीवावर येतं, पण कापा). सुरुवात त्या पडलेल्या शटरपासून करा.